मोबाईलचीही उगवण तपासा

मृग लागला की वऱ्हाडातल्या कोणत्याही गावी पारावर दोन गोष्टी हमखास निघतात. पाऊस कधी येणार आणि बियाणं कोणतं घ्यावं. आता त्यात तिसरीची भर पडली आहे. मोबाईलवर काय आलं?

"भाऊ, हे पाय. परवापासून धुव्वाधार हाये म्हन्ते. मी तं उद्याच पेरून टाकतो."

"कोन म्हन्ते?"

"मोबाईलवर आलं ना जी!"

"पन पाठवलं कोनं?"

"ग्रुपवर आलं बाप्पा. कोनी तरी पाठवलंच असन."

शेतकरी बंधूंनो, हे बोलणं तुम्हीही ऐकलं असेल. कदाचित त्यातले एक तुम्हीच असाल. पाऊस आला तर वाहवा. नाही आला तर दुबार पेरणी. बियाणं, खत, ट्रॅक्टरचं भाडं, मजुरी, सगळं पुन्हा पहिल्यापासून. तो खर्च संदेश पाठवणारा देत नाही. तो कास्तकाराच्याच खिशातून जातो.

आता दुसरी गोष्ट पहा. घरचं सोयाबीन बियाणं म्हणून ठेवलं, तर तुम्ही ते तसंच पेरता का? ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडता, गुंडाळी करून सावलीत ठेवता, ओल टिकवता आणि सात-आठ दिवसांनी मोड मोजता. सत्तर किंवा जास्त उगवले तर बियाणं चांगलं. साठ-पासष्ट उगवले तर एकरी बियाणं वाढवायचं. त्याहूनही कमी असेल तर दुसरं पाहायचं. या चाचणीला पैसा लागत नाही. लागतो तो थोडा धीर.

मग मोबाईलवर फुकट मिळणाऱ्या सल्ल्याची, अ‍ॅपची, ग्रुपची उगवण आपण का तपासत नाही? आजच्या लेखाचं सांगणं एवढंच आहे. या फुकटच्या साधनांना घाबरू नका, आणि डोळे मिटून त्यांच्या मागंही जाऊ नका. आधी थोडं करून पहा, मोजा आणि मग ठरवा.

हे काही काल-परवाचं नाही

संगणक गावात आणायचे प्रयोग महाराष्ट्रात जुने आहेत. १९९८ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणानगर परिसरात सत्तर गावांसाठी संगणकाची योजना सुरू झाली. हवामान, बाजारभाव, सरकारी कागदपत्रं, सगळं गावातल्या केंद्रावर मिळावं असा बेत होता. प्रत्यक्षात लोक त्या केंद्रावर मुख्यतः एका कामासाठी जात राहिले. आपल्या उसाची तोड कधी, वजन किती भरलं, पैसे किती निघाले, हे पाहायला. पुढे काही गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाईलच्या संदेशावरच ही माहिती देऊन पाहिली, आणि काम भागलं.

२००३ च्या सुमारास मुंबईच्या आयआयटीनं 'आक्वा' नावाची सोय केली. शेतकऱ्यानं प्रश्न लिहायचा आणि तज्ज्ञानं उत्तर द्यायचं. २००४ साली किसान कॉल सेंटर आलं. त्याचा १८००-१८०-१५५१ हा फुकटचा क्रमांक आजही आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं. आपल्या अमरावती जिल्ह्यात, मेळघाटातल्या धारणी तालुक्यातलं हरिसाल २०१६ साली 'डिजिटल गाव' म्हणून देशभर गाजलं.

वारणेचा धडा ध्यानात ठेवा. साधन किती मोठं याला महत्त्व नाही. आपलं एखादं नेमकं काम त्यानं होते का, ते पाहायचं.

पावसाचा अंदाज : कॅलेंडरवर लिहून पहा

पहिली चाचणी हवामानाची करा, कारण तिला काहीच खर्च नाही. भारतीय हवामान विभागाचं 'मेघदूत' अ‍ॅप २०१९ पासून आहे. त्यात जिल्ह्याचा अंदाज आणि त्यासोबत शेतीचा सल्ला मिळतो. असा हवामानावर आधारलेला सल्ला आपल्या अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातही तयार होतो. २४ ऑक्टोबर २०२४ पासून तर ग्रामपंचायतीच्या पातळीवरचा पाच दिवसांचा अंदाज मिळायची सोय झाली आहे. 'ई-ग्रामस्वराज' आणि 'मेरी पंचायत' या सरकारी सेवांमध्ये तो दिसतो. ग्रामपंचायत अधिकारी आणि सरपंचांना विनंती, की हा अंदाज रोज सकाळी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूनं लिहावा. ज्याच्याजवळ मोठा मोबाईल नाही, त्यालाही तो वाचता येईल.

आता चाचणी कशी करायची? भिंतीवरचं कॅलेंडर घ्या. रोज सकाळी त्या दिवसाचा अंदाज एका अक्षरात लिहा. 'प' म्हणजे पाऊस, 'क' म्हणजे कोरडं. संध्याकाळी आपल्या वावरात खरं काय झालं, ते त्याखाली लिहा. उभ्या सरळ भिंतींचा एखादा डबा उघड्यावर ठेवला आणि त्यातलं पाणी पट्टीनं मोजलं, तर पाऊस किती मिलिमीटर झाला तेही ढोबळ कळते. तीस दिवसांनी बेरीज करा. एकवीस दिवस जमले म्हणजे शंभरात सत्तर. बियाण्याला जे माप लावता, तेच इथं लावा.

अंदाजाची भाषाही समजून घ्या. 'तुरळक ठिकाणी पाऊस' म्हणजे शंभर जागांपैकी पंचवीस किंवा त्याहून कमी जागी. तुमचं वावर उरलेल्या पंचाहत्तरांत असू शकते. तेव्हा अंदाज खोटा ठरला असं नाही, आपण तो अर्धाच वाचला. पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे हालचाल करा.

आणि अंदाज कितीही चांगला असला, तरी पेरणीचा जुना नियम मोडू नका. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरती ओल गेल्याशिवाय तिफण बाहेर काढायची नाही. उद्याचा पाऊस मोबाईलमध्ये असते, आजची ओल जमिनीत असते. पेरणी ओलीवर होते.

विजेसाठी 'दामिनी' हे अ‍ॅप जरूर ठेवा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं ते केलं आहे. आसपास वीज कडाडत असली, तर ते सावध करते. निंदणाला बाया वावरात असतील, तेव्हा निदान एकाच्या मोबाईलमध्ये तरी ते असावं. इशारा आला की झाडाखाली जायचं नाही, पक्क्या घराचा आसरा घ्यायचा.

भाव पाहताना कोणता आकडा वाचता?

राज्याच्या कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समित्यांची रोजची आवक आणि भाव फुकट दिसतात. तिथं तीन आकडे असतात. किमान, कमाल आणि सर्वसाधारण. ग्रुपवर फिरतो तो बहुतेक वेळा कमाल. पण कमाल भाव एखाद्या उत्तम, वाळलेल्या, दाणेदार ढिगाला मिळालेला असू शकतो. आपला माल कोणत्या भावात जाईल, ते सर्वसाधारण आकड्यावरून कळते.

एक हिशेब मांडू. हे आकडे फक्त हिशेबापुरते धरा. गावात व्यापारी सोयाबीनला ४,५०० रुपये देतो. ग्रुपवर आलं, अमुक बाजारात ४,९०० निघाले. वीस क्विंटलमागं आठ हजार जास्त! झाली गाडी भरायला सुरुवात. पण सर्वसाधारण भाव ४,६०० असला, तर वीस क्विंटलला फायदा दोनच हजार. त्यातून गाडीभाडं, हमाली, तोलाई आणि बुडालेला दिवस वजा करा. हाती काय राहते? कधी कधी आपणच घरून पैसे घालतो.

इथंही चाचणी करा. पंधरा दिवस आपल्या जवळच्या दोन बाजारांचे सर्वसाधारण भाव वहीत लिहा. शेजारचा कोणी माल विकून आला, की त्याच्या पट्टीवरचा खरा भाव त्यासमोर मांडा. फरक किती पडतो ते कळलं, की त्या आकड्यावर किती विसंबायचं तेही कळेल. सोबत हमीभावही लिहून ठेवा. २०२५-२६ च्या हंगामात तो सोयाबीनला ५,३२८, मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० आणि लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये होता. दर वर्षी तो बदलतो, म्हणून जुना संदेश पाहून बाजारात वाद घालू नका.

पानाचा फोटो आणि फवाऱ्याचं औषध

पानाचा फोटो काढला की रोग सांगणारी अ‍ॅप आता फुकट मिळतात. 'प्लांटिक्स' हे त्यातलं एक. राज्य सरकारनं २०२५ साली 'महाविस्तार' हे अ‍ॅप आणलं. त्याला मराठीत प्रश्न विचारता येतो. ही साधनं वापरून पहाच. पण फोटोत जे दिसत नाही, ते मशीनला कसं कळावं?

सोयाबीन पिवळं पडलं. ते पिवळ्या मोझॅकनं पडलं, लोहाच्या कमतरतेनं पडलं की वावरात पाणी साचून पडलं? पऱ्हाटीचं पान लाल झालं. ते तुडतुड्यानं झालं की मॅग्नेशियम-नत्र कमी पडून लाल्या आला? फोटो जवळपास सारखाच येतो, इलाज मात्र वेगळा. मोझॅक पांढऱ्या माशीनं पसरते, तर साचलेल्या पाण्याला औषध नाही, चर लागते.

म्हणून एक करा. वावराच्या पाच वेगवेगळ्या जागची पाच झाडं घ्या. पानाची वरची बाजू, खालची बाजू आणि पूर्ण झाड, असे फोटो काढा. अ‍ॅप पाचही वेळा एकच सांगते का ते पहा. मग तेच फोटो आपल्या कृषी सहायकाला किंवा कृषी विज्ञान केंद्राला दाखवा. गुलाबी बोंडअळीसाठी तर फोटोची वाट पाहूच नका. कामगंध सापळे लावा. सलग तीन दिवस एका सापळ्यात रोज आठ किंवा जास्त पतंग आले, किंवा शंभरात दहा फुलं-बोंडं किडलेली दिसली, म्हणजे उपायाची वेळ आली. हे मोजणं आपल्याच हातानं होते.

औषधाच्या प्रमाणाबाबत मात्र कोणत्याही व्हिडिओवर विसंबू नका. चार औषधं एकत्र मिसळून 'एका फवाऱ्यात रान साफ' सांगणारे पुष्कळ आहेत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, हे वऱ्हाडानं विसरू नये. डब्यावरचा त्रिकोण पहा. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. प्रमाण डब्यावरच्या पत्रकातलं आणि विद्यापीठाच्या शिफारशीतलं घ्या. साधा पंप आणि पॉवरचा पंप यांचं पाणी वेगळं लागते. व्हिडिओवाला तुमचा पंप पाहत नाही.

जिथं मोबाईलशिवाय अडते

वरची कामं तुमच्या मर्जीची. काही कामं आता सक्तीसारखी झाली आहेत. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. वावरात उभं राहून पिकाचा फोटो घ्यायचा, मग सातबाऱ्यावर पीक चढते. २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनसाठी २०२४ साली हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, मदत देताना या नोंदीचाच आधार सुरुवातीला धरला गेला. ज्यांनी 'पाहू मंग' म्हणून सोडलं होतं, त्यांना कागद घेऊन हिंडावं लागलं.

२०२५-२६ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळानं हमीभावाच्या खरेदीसाठी 'कपास किसान' अ‍ॅपवर नोंदणी घातली. कापूस आणायचा दिवसही त्यावरच ठरवायचा. म्हणजे कापसाची ओल आठ टक्के असो की बारा, आधी मोबाईलमध्ये नाव पाहिजे! ज्या घरी पोट्टे शिकलेले आहेत त्यांचं निभलं. पण एकट्या म्हाताऱ्या माणसानं, विधवा बाईनं काय करावं?

गावातल्या अधिकाऱ्यांना इथं कळकळीनं सांगणं आहे. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि कृषी सहायक यांनी मिळून मुदतीच्या आत दोन दिवस ग्रामपंचायतीत बसावं. गावातली दोन-चार हुशार पोरं-पोरी सोबत घ्यावीत. दवंडी द्यावी. ज्यांची नोंद राहिली त्यांची यादी फळ्यावर लावावी. साधन फुकट असलं, तरी ते वापरता येणारं माणूस गावात हजर पाहिजे. नाही तर फुकटच्या नोंदणीसाठीही गरिबाला कोणाला तरी पैसे मोजावे लागतात.

आणि कास्तकार बंधूंनो, वर्षातून दोनदा आपला सातबारा 'महाभूलेख'वर फुकट पहा. नाव, क्षेत्र, बोजा आणि पीक बरोबर आहे का, तेवढंच तपासा. ही फुकटची प्रत कामकाजाला चालत नाही. डिजिटल सहीची प्रत पंधरा रुपयांत निघते. नकाशाच्या अ‍ॅपवर धुरा मोजून शेजाऱ्याशी भांडण तर अजिबात काढू नका. मोबाईलच्या मापात चार-पाच मीटरची चूक सहज होते. कायद्याची मोजणी भूमी अभिलेख खात्याचीच.

गावचा ग्रुप : चावडी की बाजार?

गावात व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप किती? शेतीचा, भजनी मंडळाचा, शाळेचा, राजकारणाचे तर दोन-तीन. कामाची सूचना सकाळच्या शुभेच्छांखाली दबून जाते. यावर उपाय साधा आहे. ग्रामपंचायतीचा एक ग्रुप असा ठेवा, की त्यात फक्त ग्रुप चालवणाऱ्यालाच लिहिता येईल. ती सोय अ‍ॅपमध्येच आहे. त्यावर मुदती, शिबिरं, लसीकरण आणि अंदाज एवढंच टाकायचं. गप्पांचा ग्रुप वेगळा.

अफवा ही चेष्टा नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा इथं, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या मोबाईलवरच्या अफवेमुळे जमावानं भिक्षेकरी समाजाच्या पाच निरपराध माणसांना ठार मारलं. त्याच महिन्यात भारतात एक संदेश एका वेळी पाचपेक्षा जास्त ठिकाणी पुढे पाठवण्यावर व्हॉट्सअ‍ॅपनं बंधन आणायचं ठरवलं. संदेशावर दुहेरी बाण दिसला, म्हणजे तो अनेक हातांतून आलेला. त्यावर आपला बोट लावण्याआधी थांबा.

फुकट अ‍ॅप, रिकामं खातं

शेवटचं आणि सर्वांत जपायचं. समजा दुपारी संदेश येतो, 'पीएम किसानचा हप्ता अडकला आहे, ही फाईल उघडा.' फाईलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असते. तुम्ही ती उघडता, ती परवानगी मागते, तुम्ही 'हो' म्हणता. आता तुमच्या मोबाईलवर येणारा बँकेचा गुप्त आकडा दुसरा कोणी वाचतो. संध्याकाळी खातं साफ! दोन हजारांच्या हप्त्यापायी सोयाबीनचे आलेले पैसे गेले.

अशी फाईल कोणीही पाठवो, ओळखीच्याच्या क्रमांकावरून येवो, उघडायची नाही. ओळखीच्याचाही मोबाईल आधी बिघडवलेला असू शकतो. अ‍ॅप घ्यायचं तर प्ले स्टोअरमधून, आणि ते कोणत्या खात्यानं काढलं ते नाव वाचून. पिकाचा फोटो पाहणाऱ्या अ‍ॅपला कॅमेरा लागतो हे समजते. त्याला तुमचे बँकेचे संदेश कायले पाहिजेत? तशी परवानगी मागितली की ते अ‍ॅप काढून टाका. फेसबुकवर स्वस्त गाय, बैलजोडी, जुना ट्रॅक्टर दिसला, तर जनावर आणि कागद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गाडीभाड्याचा एक रुपयाही आगाऊ पाठवू नका.

आणि फसलाच, तर लाजू नका. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा आणि बँकेला कळवा. जितकी घाई कराल, तितके पैसे मधेच अडवले जायची शक्यता जास्त. 'लोक हसतील' म्हणून दोन दिवस गप्प बसलात, तर पैसे पार दूर गेलेले असतात.

तर बंधूंनो, येत्या हंगामात एकच साधन निवडा. पाऊस घ्या, भाव घ्या, नाही तर पिकाचा फोटो. तीस दिवस वहीत मांडा. सत्तर टक्के उतरलं तर ठेवा, नाही तर काढून टाका. वही पारावर आणा, चार जणांना दाखवा. आणि पुढच्या मृगाला कोणी म्हणालं, "मोबाईलवर आलं ना जी," तर त्याला हसू नका. जवळ बसवा आणि विचारा, "पाठवलं कोनं? किती वेळा खरं निंघालं? आन् वावरात ओल किती हाये?"

या तिन्हीची उत्तरं मिळाली, की मग तिफण जुंपा.